चित्रपुस्तकाची कल्पना: टिपणापासून डमीपर्यंत

मुलांच्या चित्रपुस्तकासाठी म्हणून जी हस्तलिखितं माझ्याकडे वाचायला येतात, ती बहुतेक एकाच जागी अडखळतात. विषय सुचतो, त्याच रात्री गोष्ट लिहून होते, आठवड्याभरात ओळखीच्या चित्रकाराला काम दिलं जातं. मग लक्षात येतं की सगळ्या गोष्टीत काढण्यासारखी चित्रं दोनच आहेत: मूल उभं आहे आणि मूल बसलं आहे. चित्रकाराचा काही दोष नसतो. कल्पनाच कच्ची असते आणि तोवर पैसे खर्च होऊन गेलेले असतात.

हा घोळ टाळायचा तर पुढचा क्रम पाळा. टप्पे मागेपुढे करू नका. तिसरा तर मुळीच गाळू नका. लोक नेमका तोच गाळतात.

## तयारी: आधी वाचन, तेही तीनदा

एक जाड, बिनरेघांची वही घ्या. फोनमध्ये टिपणं ठेवता येतात, पण शेजारी चटकन एखादं चित्र गिरबटता येत नाही, आणि इथे त्याचीच गरज पडते.

मग पन्नास तरी चित्रपुस्तकं वाचा. विकतच घ्यायला हवीत असं नाही. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयाचा बालविभाग आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी आणि कोकणी पुस्तकं फुकट वाचता येतात. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, एकलव्य, तूलिका यांची पुस्तकं मात्र शक्यतो हातात घेऊन वाचा. पान उलटणं म्हणजे काय ते पडद्यावर कळत नाही.

प्रत्येक पुस्तक तीनदा वाचायचं. पहिल्यांदा नेहमीसारखं. दुसऱ्यांदा मजकुरावर कागदाची पट्टी ठेवून, नुसती चित्रं. तिसऱ्यांदा डोळे मिटून बसायचं आणि घरातल्या कुणाला तरी नुसता मजकूर वाचायला सांगायचं. मग वहीत लिहायचं: चित्रानं असं काय सांगितलं जे शब्दांत नव्हतं?

शब्दही मोजा. प्रथम बुक्सच्या वाचन-पातळ्यांमध्ये पहिल्या पातळीचं पुस्तक साधारण २५० शब्दांच्या आत असतं आणि दुसऱ्या पातळीचं ६०० पर्यंत. आठ फुलस्केप पानांची 'छोटीशी गोष्ट' लिहिणाऱ्यांनी हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.

तपासा: 'हे शब्दांत कुठेच नाही, फक्त चित्रात आहे' असं निदान पाच पुस्तकांत बोट ठेवून दाखवता येतं का? येत नसेल तर अजून वाचा.

## टप्पा १: विषय नको, टिपण हवं

गोव्यात बसून चित्रपुस्तक लिहायचं म्हटलं की यादी तयारच असते: पाव विकणारा पदेर, फेरीबोट, शिगमो, सांजावचा सण, काजूची बोंडं, दूधसागर. हे झाले विषय. भिंतीवरच्या कॅलेंडरलाही हेच पुरतात. दिवाडी बेटावरच्या मुलाला फेरीबोटीचं काय कौतुक? ती त्याची रोजची वाट. त्याचं लक्ष असतं पुढची फळी धक्क्याला टेकताना पाणी किती उडतं तिकडे, आणि सगळ्यांत आधी कुणाची स्कूटर उतरते तिकडे.

टिपण म्हणजे एका मुलानं केलेली एक कृती किंवा विचारलेला एक प्रश्न, तिथल्या तपशिलासकट. एक वाक्य, फार तर तीन. नमुन्यादाखल:

- १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. ट्रॉलरवर जाणारा बाबा ६१ दिवस घरी. मुलगा शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी बाबा आहे ना ते बघून येतो.
- दिवाळीच्या नरकासुराच्या पुतळ्याला कागद चिकटवता चिकटवता चौथीतला पोर विचारतो, "जाळायचाच आहे तर डोळे कशाला रंगवायचे?"
- फेरीबोटीवर चढवलेली शेळी पलीकडे उतरायलाच तयार नाही. बोट तिला घेऊन परत फिरते.
- चवथीला मुलगी चटईवर उताणी पडून माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधून टांगलेल्या चौकटीच्या, चिबडाकडे बघते. विसर्जन होईपर्यंत हात लावायचा नाही, आणि गणपती पाच दिवसांचा.

अशी टिपणं कुठे मिळतात? जिथे मुलांना थांबून राहावं लागतं तिथे हमखास. बसस्टॉप, दवाखान्याचा बाक, जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानापुढची रांग, नैवेद्य होईपर्यंतचं स्वयंपाकघर. मोठ्यांचं काम चालू असतं आणि मुलाच्या हाताला काही नसतं, तेव्हा त्याचं डोकं चालतं. तुम्हीही त्याच्या उंचीवर या, अक्षरशः. गणपतीच्या खोलीत उभ्या माणसाला मूर्ती दिसते, चटईवर पडलेल्या मुलाला वरची माटोळी. पुस्तक कुणाच्या जागेवरून दिसणार आहे ते इथेच ठरतं.

स्वतःच्या लहानपणची आठवण टिपायला हरकत नाही, फक्त ती तपासून घ्या. 'आमच्या वेळी विहिरीवर कशी मजा यायची' हे मोठ्या माणसाचं हळहळणं आहे. त्या वेळी तुम्हाला विहिरीची भीती वाटत होती का? ती टिपा.

सावधान: मुलांची नावं, शाळा, फोटो वहीत नकोत. शाळेत किंवा अंगणवाडीत जाऊन बसायचं असेल तर आधी मुख्याध्यापकांना किंवा सेविकाताईंना विचारा आणि कशासाठी बसणार ते सांगा.

## टप्पा २: टिपणाला चार प्रश्न

वीस-तीस टिपणं जमली की निवड करायची. प्रत्येक टिपणाला हे विचारा: कुणाला काय हवंय? आड काय येतंय? ती अडचण वाढत जाते का? आणि ते सगळं डोळ्यांना वेगवेगळं दिसतं का?

वरचीच उदाहरणं घेऊ. नरकासुराच्या डोळ्यांचा प्रश्न झकास आहे, पण ती एक ओळ आहे. तिच्यातून एकच चित्र निघतं. ती दुसऱ्या एखाद्या गोष्टीत बसेल म्हणून राखून ठेवा. बाबाच्या ६१ दिवसांत खरी ओढ आहे, मात्र अडचण सगळी मुलाच्या मनात आहे. चार वर्षांच्या मुलाला ती दाखवणं कठीण जाईल. आठ-नऊ वर्षांच्या वाचकासाठी जमेल. शेळीकडे अडचण आहे, प्रत्येक फेरीला नवा माणूस ओढायला येतो म्हणून ती वाढतेही, आणि चित्रं तर भरपूर. पण शेळीला हवंय काय? ते कळेपर्यंत हा नुसता गमतीचा प्रसंग आहे.

चिबूड पहिल्या तीन प्रश्नांना सहज उतरतो. मुलीला तो खायचाय, आड नियम आहे, आणि पिकत जाईल तसा त्याचा वास वाढत जाऊन शेवटी तो आपसूक तडकतो. म्हणजे अडचण वाढवायला लेखकाला काही कष्टच नाहीत. अडतं ते चौथ्या प्रश्नावर: सगळं एकाच खोलीत, आणि वास तर काढता येत नाही. मग वासामागून जा. मुंग्यांची रांग काढता येते, मांजराचं वर झालेलं नाक काढता येतं, आरतीला उभ्या पाहुण्यांतल्या एकाची मान हळूच वर वळलेली दाखवता येते.

सावधान: 'यातून मुलांना काय शिकवायचं?' हा पाचवा प्रश्न वहीत येऊ देऊ नका. तो आला की चिबूड बाजूला राहतो आणि आजी भाषण करायला लागते.

## टप्पा ३: मुरू द्या

चार प्रश्नांना उतरलेल्या दोन-तीन कल्पना निवडा आणि वहीत प्रत्येकीला समोरासमोरची दोन पानं द्या. वर तारीख घाला. आता दोन महिने गोष्ट लिहायची नाही.

या दोन महिन्यांत स्वस्थ बसायचं नाही. आठवड्यातून एकदा ते पान उघडायचं आणि काहीतरी भर घालायची: एक तपशील, एक वाकडंतिकडं चित्र, कुणाच्या तोंडचं वाक्य, एखादी शंका. खोडायचं काही नाही. परस्परविरोधी गोष्टी शेजारी शेजारी राहू द्या.

तपशिलांची खातरजमा याच काळात होते. चिबडाचंच बघा. माटोळी मूर्तीच्या डोक्यावर असते. चिबूड तडकून खाली पडतो असं लिहिलंत आणि तो मूर्तीवर पडला, तर गोव्यातल्या घरात ते पुस्तक तिथेच मिटलं जाईल. म्हणजे तो माटोळीच्या पुढच्या कडेला हवा. मग चौकट पुढे किती येते? जड फळं कुठे बांधतात, सुंभानं की रानातल्या सालीच्या दोरीनं? जेवून कुणी देवाच्या खोलीत लवंडतं का? हे घरागणिक बदलतं. पेडण्यात विचारा, फोंड्यात विचारा, काणकोणात विचारा. विचारायचं ते माटोळी बांधणाऱ्याला, नुसती बघणाऱ्याला नाही. आणि सण जवळ नसेल तर सरळ भाद्रपदापर्यंत थांबा. फेब्रुवारीत आठवणीवर काढलेली माटोळी आंबा-केळ्यांची होते. माटोळीला खास बांधतात ती घागऱ्यो, कांगलां, तोरिंग डोळ्यांपुढे येतच नाहीत.

कल्पना जिवंत आहे की नाही हे कसं ओळखायचं? भर कसली पडते ते बघा. नव्या घटना, नव्या वस्तू येत असतील तर ती वाढते आहे. नुसती विशेषणं येत असतील, 'गोड', 'इवलीशी', 'सुंदर', तर ती थांबली आहे. तिला वहीतच राहू द्या आणि दुसरी घ्या.

या काळात कल्पना चारचौघांना रंगवून सांगत फिरू नका. सांगून झाल्यावर लिहायची खुमखुमी उरत नाही. चोरीच्या धास्तीनं गप्प बसत असाल तर ती धास्ती मात्र सोडा. १९५७च्या कायद्यानं स्वामित्वहक्क मिळतो तो लिहिलेल्या, चितारलेल्या मांडणीवर. नुसत्या कल्पनेवर तो कुणालाच नसतो.

## टप्पा ४: दहा शेवट

लिहायला बसण्याआधी शेवट हवा. एका कागदावर दहा शेवट लिहा, एकेका ओळीत. पहिले तीन कुणालाही सुचणारे निघतील. चिबडाच्या गोष्टीत ते असे: आजी सगळ्यांना फोडी वाटते आणि सबुरीचं फळ सांगते, मुलगी रात्री चोरून खाते आणि तिला पस्तावा होतो, मुलगी आपली फोड शेजारच्या गरीब मुलाला देते. तिन्हींमध्ये मोठ्यांचं समाधान आहे. चौथ्यापासून पुढे लक्ष द्या. उंदीर खातो. चिबूड पडतो. कुणावर पडतो? पाच दिवस "अजून ना" म्हणून मुलीला हटकणाऱ्या काकावर, पाचव्या दिवशी दुपारी जेवून चटईवर लवंडलेला असताना.

आणि मुलगी त्या वेळी काय करते? तिच्या हातात चमचा आहे. तो पहिल्या पानापासून आहे. आरतीला ती तोच थाळीवर वाजवते, फुगडी घालताना कमरेला खोचते, झोपताना उशाखाली ठेवते. मजकुरात चमच्याचा उल्लेख एकदाही नाही. इथे कल्पना चित्रपुस्तकाची झाली. तोवर ती साधी कथा होती.

तपासा: शेवटी जे होतं त्यात मुलाचा हात आहे का? मोठ्या माणसानं येऊन गुंता सोडवला असेल तर तो शेवट खोडा.

## टप्पा ५: डमी

डमी म्हणजे पुस्तकाचा हातानं केलेला कच्चा नमुना. एफोरचे सहा कागद एकात एक घालून मधोमध दुमडा आणि घडीवर दोन पिना मारा. एका कागदाची चार पानं, म्हणजे २४ पानांचं कोरं पुस्तक तयार. चार कागदांचं १६ पानी होतं, आठांचं ३२ पानी. छापखान्यात साधारणपणे आठ किंवा सोळा पानं एकदम छापतात, त्यामुळे पुस्तक १६, २४, ३२ असंच धरायचं. 'माझी गोष्ट १९ पानांची आहे' असं म्हणून चालत नाही.

पानांना आकडे घाला. पान १ शीर्षकाचं. २-३, ४-५ असं करत २२-२३ पर्यंत अकरा जोडपानं मिळतात आणि शेवटी एकटं २४. कव्हर वेगळं, प्रकाशनाचा तपशील त्याच्या आतल्या बाजूला जाईल असं धरू.

आता वाटणी. पाच दिवस, दर दिवसाला दोन जोडपानं: पहिला दिवस २ ते ५, दुसरा ६ ते ९, तिसरा १० ते १३, चौथा १४ ते १७, पाचवा १८ ते २१. विषम आकड्याचं पान उजवीकडे येतं आणि तेच उलटायचं असतं. म्हणून मुलीचा प्रश्न, "आता?", पान ५, ९, १३ आणि १७च्या तळाशी. पान उलटलं की उत्तर: "अजून ना." चार वेळा हे झालं की ऐकणारी मुलं उत्तर स्वतःच ओरडायला लागतात. मग २१व्या पानावर पाचव्यांदा "आता?", आणि उलटल्यावर २२-२३ वर उत्तराच्या जागी धप्प! २४वर शब्द नाहीत: काकाच्या मिशीला चिबडाच्या बिया आणि पुढे आलेला चमचा.

हा हिशेब कागदावर केल्याशिवाय कळत नाही. गोष्ट आधी लिहून मग पानांत कोंबणारे प्रश्न आणि उत्तर एकाच पानावर टाकतात आणि पुस्तकातली सगळी गंमत घालवून बसतात.

डमीत चित्रं काड्यांच्या माणसांची असली तरी पुरे. मजकूर वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून पेन्सिलच्या खुणेवर हलका चिकटवा, म्हणजे हलवता येईल. मधल्या घडीत चेहरा किंवा शब्द येऊ देऊ नका, तिथे तो गिळला जातो. मग प्रत्येक जोडपानाखाली तीन गोष्टी लिहा: जागा कोणती, जवळून की लांबून, वेळ कोणती. सलग तीन जोडपानांवर 'खोली, मधलं अंतर, दिवस' आलं तर एक बदलाच. एखादं चित्र छतावरून घ्या: चिबूड जवळ, मोठा, आणि खाली नखाएवढी मुलगी वर बघते आहे. एखादं जोडपान पुस्तक आडवं धरून बघायचं करता येईल, म्हणजे माटोळीपासून चटईपर्यंतची सगळी उंची मिळते. असा प्रयोग एकदाच करा. दुसऱ्यांदा केला की मुलं कंटाळतात.

तपासा: चिठ्ठ्या काढून डमी घरातल्या एखाद्याच्या हातात द्या. नुसती चित्रं बघून त्याला निम्मी गोष्ट सांगता आली पाहिजे. सगळीच सांगता आली तर तुमचे शब्द फुकट आहेत. काहीच आली नाही तर तुमची चित्रं.

## टप्पा ६: शब्द कापा

चित्र जे दाखवतं ते मजकुरातून काढा. लाल परकर, लांब वेण्या, जुनं कौलारू घर, सगळं जाईल. भावना सांगणारी वाक्यं त्यानंतर: 'तिला खूप वाईट वाटलं.' चमच्याचं तोंड खाली झुकलेलं दिसलं की ते कळतं.

यमकाचा मोह आवरा. मराठीत यमक सहज जुळतं, म्हणून लिहिणाऱ्याला वाटतं मुलांना तेच आवडतं. मुलांच्या कानाला ठेका लागतो. तो "आता?" आणि "अजून ना" मध्ये आहेच, 'माटोळी-पोटोळी' जुळवून वाढत नाही, बिघडतो.

चित्रासाठी सूचना अगदी थोड्या द्या. चमच्यासारखी जी गोष्ट मजकुरात नाही पण जिच्यावर शेवट उभा आहे, तेवढीच लिहायची. परकराचा रंग चित्रकारावर सोडा.

## टप्पा ७: मुलांपुढे वाचा

चार-पाच मुलं पुरेत, आणि त्यांत आपलं मूल नको. डमी त्यांच्याकडे तोंड करून धरा. 'आवडली का?' असं विचारूच नका. शिक्षकासारख्या दिसणाऱ्या माणसाला मुलं 'हो' म्हणतातच. त्यापेक्षा बघा, डोळे पानावरून कुठे सुटतात, कुठे कुणी 'मागचं दाखव' म्हणतं, चमचा आधी कोण ओळखतं. वाचताना तुम्हाला मध्ये थांबून समजावावं लागलं तर तिथे खूण करा. दोष त्या पानाचा.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलांना गोष्ट सांगायला लावा. मराठी शाळेतलं मूलही बरेचदा कोकणीतूनच सांगायला लागेल. थांबवू नका, ऐका. जो प्रसंग ते गाळतं तो बहुधा पुस्तकातूनही गाळता येतो.

## टप्पा ८: पाठवताना

प्रकाशकाकडे जाणार असाल तर चित्रकार स्वतः नेमू नका. तो सहसा प्रकाशक ठरवतो. जोडपानांचे आकडे घालून टाइप केलेला मजकूर, डमीची झेरॉक्स आणि एक पानाचं पत्र एवढं पुरतं. मूळ डमी घरीच ठेवा. स्वतः छापणार असाल तर चित्रकाराशी लेखी करार करा: मानधन किती आणि कधी, चित्रांचा हक्क कुणाकडे, मूळ चित्रं कुणाची, पुन्हा छापलं तर काय.

उत्तराला महिने लागू शकतात. एकाच वेळी दोघांकडे पाठवत असाल तर दोन्ही पत्रांत तसं लिहा.